एकेरी व दुहेरी ओव्हरहेड कॅमशाफ्ट

एकेरी ओव्हरहेड कॅमशाफ्ट (संक्षेप: एसओएचसी) आणि दुहेरी ओव्हरहेड कॅमशाफ्ट (संक्षेप: डीओएचसी) या चार धावांच्या म्हणजेच फोर-स्ट्रोक इंजिनातील झडपा उघडण्या-मिटण्याच्या दोन रचना आहेत. दोन्ही रचनांमध्ये कॅमशाफ्ट सिलिंडरच्या वर, सिलिंडर हेडमध्ये बसवलेला असतो. पहिल्या रचनेत हवा आत घेणाऱ्या आणि जळका वायू बाहेर सोडणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या झडपा एकच कॅमशाफ्ट चालवतो. दुसऱ्या रचनेत या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट असतात. बोलीभाषेत दुसऱ्या रचनेला 'ट्विन कॅम' असेही म्हणतात.

दुहेरी रचनेचे इंजिन अधिक शक्तिशाली असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. इंजिनाची शक्ती झडपांची संख्या व आकार, इंधन पुरवण्याची पद्धत, टर्बोचार्जर आणि इंजिनाचे आकारमान अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. कॅमशाफ्टची संख्या ही त्यांपैकी काही गोष्टी सुलभ करणारी सोय आहे.

झडपांचे कार्य

चार धावांच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होत चार कामे क्रमाने करतो: हवा व इंधन आत घेणे, ते दाबणे, ज्वलनाने मिळालेला रेटा क्रँकशाफ्टला देणे आणि जळका वायू बाहेर टाकणे. यासाठी प्रत्येक सिलिंडरला किमान दोन झडपा लागतात. हवा आत घेणारी ती आदान झडप आणि वायू बाहेर सोडणारी ती निष्कास झडप होय. झडप स्प्रिंगच्या जोराने बंद राहते. कॅमशाफ्ट हा अंडाकृती उंचवटे असलेला फिरता दांडा असून त्यावरील प्रत्येक उंचवटा, म्हणजे कॅम, फिरत येऊन झडप दाबतो व ती उघडतो.

चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन दर मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट ३,००० फेरे घेतो आणि प्रत्येक झडप दर सेकंदाला ५० वेळा उघडते व मिटते. झडप क्रँकशाफ्टच्या २४० अंशांपर्यंत उघडी राहते असे धरले, तर या वेगाला तिच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम १५०वा भाग येतो. तेवढ्या अवधीत सिलिंडर हवेने भरला पाहिजे.

झडप आणि तिला हलवणारे भाग यांना इतक्या वेगाने पुढे-मागे करण्यासाठी लागणारे बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले की बळ चौपट लागते. एका मर्यादेनंतर स्प्रिंग अपुरी पडते आणि झडप कॅमच्या मागे न राहता तरंगू लागते. हलणारे भाग जितके कमी व हलके, तितकी ही मर्यादा पुढे जाते. झडपांच्या रचनेतील बहुतेक सुधारणांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पूर्वीच्या रचना

आरंभीच्या अनेक मोटारींत झडपा सिलिंडरच्या शेजारी असत. पुढे झडपा सिलिंडरच्या वर आल्या, परंतु कॅमशाफ्ट खाली इंजिनाच्या ठोकळ्यातच राहिला. त्याची हालचाल लांब सळईने (पुशरॉड) वर नेऊन तरफेच्या (रॉकर) साहाय्याने झडपेपर्यंत पोहोचवली जाई. भारतात दीर्घकाळ चाललेली हिंदुस्थान अँबॅसेडर तिच्या १,४८९ घनसेंमी इंजिनात हीच रचना वापरत होती. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ घनसेंमी इंजिनही याच प्रकारचे होते. ही रचना दणकट व दुरुस्तीला सोपी असते. मात्र सळया व तरफा यांच्या वजनामुळे तिला फार जास्त फेरे सोसत नाहीत.

एकेरी ओव्हरहेड कॅमशाफ्ट

कॅमशाफ्ट वर सिलिंडर हेडमध्ये नेल्याने लांब सळया नाहीशा होतात. क्रँकशाफ्टपासून पट्टा (टायमिंग बेल्ट) किंवा साखळी (टायमिंग चेन) वर नेऊन कॅमशाफ्ट फिरवला जातो. एकेरी रचनेत झडपा एका ओळीत असतील तर कॅम त्यांना जवळजवळ थेट दाबू शकतो. त्या दोन ओळींत असतील तर मध्यभागी कॅमशाफ्ट आणि दोन्ही बाजूंना तरफा अशी मांडणी करतात.

या रचनेत भाग थोडे, हेड अरुंद व हलके आणि घर्षण कमी असते. निर्मितीचा खर्चही कमी येतो. १९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ घनसेंमी इंजिन एकेरी ओव्हरहेड कॅमशाफ्टचे होते. भारतातील असंख्य कुटुंबांना या रचनेची पहिली ओळख त्याच गाडीने, नाव न कळता, करून दिली. टाटा मोटर्सने १९९८ साली सादर केलेल्या आणि पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे तयार झालेल्या इंडिकाचे १,४०५ घनसेंमी डिझेल इंजिनही एकेरी रचनेचेच होते.

दुहेरी ओव्हरहेड कॅमशाफ्ट

या रचनेत एक कॅमशाफ्ट आदान झडपांच्या ओळीवर आणि दुसरा निष्कास झडपांच्या ओळीवर असतो. कॅम आणि झडप यांच्यामध्ये पेल्याच्या आकाराचा टॅपेट किंवा बोटासारखी लहान तरफ एवढाच भाग राहतो. त्यामुळे हलणारे वजन घटते आणि इंजिन जास्त फेरे सहन करते. दोन कॅमशाफ्टच्या मध्ये मोकळी जागा मिळाल्याने पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनात इंधनाचा इंजेक्टर सिलिंडरच्या बरोबर मध्यावर बसवता येतो. ज्वलन मध्यापासून चहूकडे सारखे पसरते आणि इंधन अधिक पूर्णपणे जळते.

'व्ही' आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा व दोन हेड असतात. तेथे एकेरी रचनेतही एकूण दोन आणि दुहेरी रचनेत एकूण चार कॅमशाफ्ट असतात. 'एकेरी' व 'दुहेरी' ही मोजणी प्रत्येक हेडमागे केली जाते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

झडपांची संख्या आणि कॅमशाफ्टची संख्या

या दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते. उघड्या झडपेभोवतीची वाट तिच्या परिघावर आणि ती किती उचलली जाते यावर अवलंबून असते. ३४ मिमी व्यासाच्या एका आदान झडपेचा परीघ सुमारे १०७ मिमी असतो. तिच्याऐवजी २८ मिमी व्यासाच्या दोन झडपा बसवल्यास परिघांची बेरीज सुमारे १७६ मिमी होते. सारख्याच उंचीला उचलल्या, तर हवेची वाट सुमारे ६५ टक्के वाढते. शिवाय प्रत्येक लहान झडप मोठीपेक्षा हलकी असते. दुहेरी कॅमशाफ्टला दिले जाणारे श्रेय पुष्कळदा या चार झडपांचे असते.

चार झडपांसाठी दोन कॅमशाफ्ट अनिवार्य नाहीत. ब्रिटनमधील १९२० च्या दशकातील बेंटले ३ लिटर या मोटारीत एकाच कॅमशाफ्टवर प्रत्येक सिलिंडरच्या चार झडपा चालत. १९७३ सालच्या ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंटमध्येही एकाच कॅमशाफ्टने सोळा झडपा चालवल्या. मारुती ८०० च्या नंतरच्या इंजिनात तीन सिलिंडरना बारा झडपा होत्या, कॅमशाफ्ट मात्र एकच होता. याच्या उलट १९४८ साली आलेल्या जॅग्वार एक्सके इंजिनात दोन कॅमशाफ्ट होते, पण झडपा प्रत्येक सिलिंडरला दोनच होत्या. म्हणून गाडीच्या माहितीपत्रकात '१६ झडपा' असे लिहिले असल्यास त्यावरून कॅमशाफ्ट किती, हे ठरवता येत नाही.

झडपांच्या वेळा बदलण्याची सोय

कमी फेऱ्यांवर सुरळीत चालण्यासाठी झडपा एका वेळी उघडणे हितकारक असते, तर जास्त फेऱ्यांवर दुसऱ्या वेळी. इंजिन चालू असतानाच ही वेळ मागे-पुढे करण्याच्या पद्धतीला परिवर्ती झडप-समय म्हणतात. १९८० साली आल्फा रोमिओने स्पायडर या मोटारीत तिचा वापर केला. पुढे होंडाने १९८९ पासून व्हीटेक या नावाने झडप किती उचलली जावी हेही फेऱ्यांनुसार बदलणारी योजना आणली.

दुहेरी रचनेचा सर्वांत टिकाऊ लाभ येथे दिसतो. एकाच दांड्यावर दोन्ही प्रकारचे कॅम असतील, तर तो दांडा पुढे-मागे वळवल्यावर आदान व निष्कास या दोन्ही झडपांच्या वेळा एकदमच सरकतात. दांडे दोन असले की प्रत्येकाची वेळ स्वतंत्रपणे ठरवता येते. त्यामुळे दोन्ही झडपा एकाच वेळी किती काळ उघड्या राहाव्यात, यावर नियंत्रण मिळते. धूर कमी करणे व इंधन वाचवणे यांसाठी हे नियंत्रण मोलाचे आहे. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तसा दुहेरी रचनेचा प्रसार लहान गाड्यांतही झाला, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

इतिहास

दुहेरी रचनेचा उगम शर्यतीच्या मोटारींत झाला. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९१२ साली दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेली ७.६ लिटर इंजिनाची मोटार शर्यतीत उतरवली. त्या वर्षी दिएप येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री शर्यत जॉर्ज ब्वालो याने तिच्यावर जिंकली. १९१३ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही प्यूजोच्याच मोटारीने, ज्यूल गू या चालकाच्या हाती, जिंकली. त्यानंतर आल्फा रोमिओ व जॅग्वार यांनी ही रचना रस्त्यावरील महागड्या मोटारींत आणली. १९८० च्या दशकापासून जपानी कंपन्यांनी ती सामान्य ग्राहकाच्या मोटारींपर्यंत पोहोचवली. भारतात मारुतीच्या के-मालिकेतील ९९८ घनसेंमी इंजिन २००८ साली ए-स्टार या छोट्या गाडीत आले, तेही दुहेरी रचनेचे होते.

प्रत्यक्ष तुलना

दोन रचनांची निखळ तुलना करण्यासाठी बाकी सर्व बाबी सारख्या असाव्या लागतात आणि अशी उदाहरणे थोडी सापडतात. त्यांपैकी एक पुणे जिल्ह्यातील चाकणचे आहे. बजाज ऑटोच्या तेथील कारखान्यात २०१२ पासून केटीएम २०० ड्यूक आणि बजाज पल्सर २०० एनएस या दोन मोटारसायकली तयार होऊ लागल्या. दोन्हींच्या इंजिनाचे आकारमान १९९.५ घनसेंमी, सिलिंडरचा व्यास ७२ मिमी, पिस्टनची धाव ४९ मिमी आणि झडपा चार. ड्यूकला दोन कॅमशाफ्ट होते व तिची शक्ती १०,००० फेऱ्यांवर २५ मेट्रिक अश्वशक्ती होती. पल्सरला एकच कॅमशाफ्ट होता व तिची शक्ती ९,५०० फेऱ्यांवर २३.५ अश्वशक्ती होती. ड्यूकमध्ये इंधन इंजेक्शनने, तर पल्सरमध्ये कार्बोरेटरने पुरवले जाई. पल्सरला तीन स्पार्क प्लग होते. हे भेद लक्षात घेता दीड अश्वशक्तीचा हा फरकही संपूर्णपणे कॅमशाफ्टचा म्हणता येत नाही. तो दिसतो तोही फेऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला.

मोटारींतील उदाहरण होंडा सिटीचे आहे. भारतातील चौथ्या पिढीच्या सिटीचे दीड लिटर पेट्रोल इंजिन एकेरी रचनेचे होते. त्याची शक्ती ११९ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, १४५ न्यूटन-मीटर होते. २०२० साली आलेल्या पाचव्या पिढीत दीड लिटरचेच दुहेरी रचनेचे इंजिन आले. त्याची शक्ती १२१ अश्वशक्ती झाली आणि टॉर्क १४५ न्यूटन-मीटरच राहिला. तो ४,६०० ऐवजी ४,३०० फेऱ्यांवर मिळू लागला. चांगल्या रीतीने रचलेले एकेरी इंजिन किती पुढे जाऊ शकते, हे या आकड्यांवरून दिसते.

टाटा इंडिका व्हिस्टा ही २००८ सालची गाडी दोन डिझेल इंजिनांसह मिळत असे. एकेरी कॅमशाफ्टचे १,४०५ घनसेंमी टर्बो इंजिन ७१ अश्वशक्ती व १३५ न्यूटन-मीटर देई. मूळ फियाटचे असलेले दुहेरी कॅमशाफ्टचे १,२४८ घनसेंमी इंजिन ७५ अश्वशक्ती व १९० न्यूटन-मीटर देई. टॉर्कमधील हा मोठा फरक मुख्यतः कॉमन-रेल या अतिदाबाच्या इंधनपुरवठ्याचा आहे. तो टॉर्क २,००० फेऱ्यांच्या आसपास मिळत असल्याने, दुहेरी रचनेची इंजिने केवळ जास्त फेऱ्यांवरच चांगली चालतात हा समजही या उदाहरणाने खोटा ठरतो.

घाटरस्त्यावरील महत्त्व

कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे, अतिवृष्टीचे तालुक्याचे ठिकाण आहे. तेथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडी तालुक्यात उतरतात. अशा घाटात गाडीची कोणती क्षमता खरोखर कामाला येते, हे साध्या गणिताने पाहता येते.

प्रवाशांसह १,४०० किलोग्रॅम वजनाची गाडी शंभर मीटरला सहा मीटर अशा चढावर ताशी ३० किमी वेगाने जात आहे असे समजू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ६.९ किलोवॅट, चाकांच्या घर्षणासाठी सुमारे दीड किलोवॅट आणि गिअर इत्यादींतील ऱ्हास मिळून इंजिनाला साधारण ९.३ किलोवॅट, म्हणजे अवघी १२ ते १३ अश्वशक्ती द्यावी लागते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २,५०० फेऱ्यांवर असेल, तर त्यासाठी ३५ ते ३६ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. वळणावरून निघताना किंवा पुढच्या वाहनाला मागे टाकताना याहून पुष्कळ अधिक बळ लागते, पण तेही २,००० ते ३,५०० फेऱ्यांच्या पट्ट्यातच. ६,६०० फेऱ्यांवरच्या कमाल शक्तीचा आकडा येथे क्वचितच उपयोगी पडतो. घाटात नित्य ये-जा करणाऱ्याने कॅमशाफ्ट किती, यापेक्षा जास्तीत जास्त टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो, हे पाहणे अधिक योग्य ठरते.

देखभाल

एकेरी रचनेच्या अनेक इंजिनांत कॅम व झडप यांच्यातील फट तरफेवरील स्क्रू फिरवून आणि फिलर गेजच्या पात्याने मोजून नीट करता येते. दुहेरी रचनेत पेल्यासारखे टॅपेट असल्यास त्यासाठी शिम नावाच्या पातळ चकत्या बदलाव्या लागतात आणि कित्येकदा कॅमशाफ्टच काढावे लागतात. काही इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट ही फट आपोआप राखतात. फट फार कमी झाल्यास झडप पूर्ण मिटत नाही व जळते. फार वाढल्यास टिकटिक असा आवाज येतो.

टायमिंग बेल्ट की चेन, हा प्रश्न कॅमशाफ्टच्या संख्येहून वेगळा आहे. दोन्ही रचनांत दोन्ही प्रकार आढळतात. रबरी पट्टा शांत व स्वस्त असतो, पण तो ठरावीक अंतरानंतर किंवा वर्षांनंतर बदलावाच लागतो. साखळी दीर्घकाळ टिकते, परंतु तेल वेळेवर बदलले नाही तर ती झिजून सैल होते. पुष्कळ इंजिनांत पूर्ण उघडलेली झडप आणि वर आलेला पिस्टन एकाच जागी येऊ शकतात. अशा इंजिनात पट्टा चालत्या गाडीत तुटल्यास कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन उघड्या झडपांवर आदळतात आणि झडपा वाकतात. सोळा झडपांच्या दुहेरी इंजिनात हे नुकसान अधिक खर्चाचे असते.

घाटात असे घडल्यास धोका दुहेरी होतो. इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी थोड्याच दाबांपुरती शिल्लक राहते. अशा वेळी ब्रेक पुन्हापुन्हा न दाबता एकदाच जोराने दाबून धरणे व गाडी कडेला घेणे श्रेयस्कर. वापरलेली गाडी विकत घेताना पट्टा कधी बदलला याची नोंद पाहावी. नोंद नसेल तर तो बदलायचा आहे, असे गृहीत धरणेच शहाणपणाचे होय.

महाराष्ट्रातील निर्मिती

कॅमशाफ्टच्या निर्मितीत सोलापूरचे नाव जगाच्या बाजारपेठेत पोहोचले आहे. यतीन शहा यांनी १९९२ साली स्थापन केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स लिमिटेड ही कंपनी मोटारींचे कॅमशाफ्ट तयार करते व निर्यात करते. तिचा कारखाना चिंचोळी औद्योगिक वसाहतीत आहे. कॅमशाफ्टसाठी शीघ्रशीतित बीड वापरण्याची पद्धत प्रचलित आहे. साच्यात कॅमच्या जागी धातूचे तुकडे ठेवलेले असतात. वितळलेले बीड त्यांना भिडताच झपाट्याने थंड होऊन अत्यंत कठीण बनते, तर दांड्याचा बाकीचा भाग सावकाश थंड झाल्याने तुलनेने मऊ व यंत्रावर कापण्याजोगा राहतो. लक्षावधी वेळा घासला जाणारा कॅम त्यामुळे झिजत नाही.

कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचा मोठा उद्योग असून वाहने व इंजिने यांचे बिडाचे ओतीव भाग तेथे तयार होतात. पिस्टन व बेअरिंग बनवणारे कारखानेही या परिसरात आहेत. पुण्याजवळील रांजणगाव येथे फियाट व टाटा यांच्या संयुक्त प्रकल्पात वर उल्लेखिलेले १,२४८ घनसेंमी दुहेरी कॅमशाफ्ट डिझेल इंजिन तयार होत असे.

निवडीचे निकष

एकेरी रचना स्वस्त, हलकी, कमी घर्षणाची व दुरुस्तीला सोपी आहे. दुहेरी रचना जास्त फेरे सहन करते, प्लग वा इंजेक्टर मध्यभागी बसवू देते आणि दोन्ही झडपांच्या वेळा स्वतंत्रपणे बदलू देते. त्याबदल्यात भाग, वजन व खर्च वाढतो. शर्यतीच्या किंवा सतत जास्त फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाला दुसरी रचना अनुरूप आहे. रोजच्या वापराच्या गाडीत मात्र टॉर्क मिळण्याचे फेरे, इंधनाचा खर्च आणि जवळपास उपलब्ध असलेली दुरुस्तीची सोय या तीन गोष्टी कॅमशाफ्टच्या संख्येपेक्षा अधिक निर्णायक ठरतात.